वसतिगृहातली चाचणी, अंगावर काढलेले दुखणे आणि तुमचा काटकपणा

पत्र : मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची, पावरा समाजाची आहे. वय 20. पुण्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहते आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याच समाजातला एक मुलगा चाकणला कंपनीत कामाला आहे. आमचे दीड वर्षापासून संबंध आहेत आणि लग्न करायचे ठरले आहे, पण घरी अजून सांगितलेले नाही. दोन-तीन महिन्यांपासून माझ्या अंगावरून पांढरे जाते, वास येतो, खाज सुटते आणि आता ओटीपोटातही दुखते. मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणून घेतल्या. आठवडाभर बरे वाटले, मग पुन्हा तेच. एका खासगी डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी "लग्न झालंय का?" असे विचारले, आणि मी कुठली आहे हे कळल्यावर "तुमच्याकडे हे चालतंच म्हणा" असे म्हणाले. मी न तपासताच उठून आले. आमच्या वसतिगृहात सुट्टीवरून परतल्यावर मुलींना यूपीटी (लघवीवरून गर्भधारणेची चाचणी) करून कागद आणायला लावतात, त्यामुळे सरकारी दवाखान्यात नाव लागले तर ते इथे आणि मग घरी कळेल अशी भीती वाटते. माझ्याकडे सिकलसेल वाहक असल्याचे कार्ड आहे. मला गर्भनिरोधक गोळी चालेल का? आमच्या खोलीतल्या एका मुलीची पाळी चुकली आहे आणि तिला 18 पूर्ण नाहीत. तिचे काय करावे? माझी काकी पाड्यावर आशा म्हणून काम करते. तिला किंवा आईला सांगावे का? सगळे म्हणतात, आदिवासी पोरी काटक असतात. मग मीच एवढी का घाबरते?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुम्ही भीतीचा प्रश्न शेवटी विचारला आहे आणि मीही त्याकडे शेवटीच येणार आहे, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट भीती नसून ओटीपोटातले दुखणे ही आहे. हे उत्तर वाचताना तुम्हाला ताप असेल, उलट्या होत असतील, पोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल किंवा तुमचीही पाळी पुढे गेली असेल, तर बाकीचे नंतर वाचा आणि आजच, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. यांपैकी काही नसेल, तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत तपासणी झाली पाहिजे. परीक्षा संपेपर्यंत किंवा दिवाळीला घरी जाईपर्यंत थांबण्यासारखे हे दुखणे नाही.

अंगावरून थोडे पांढरे जाणे हे प्रत्येक तरुण स्त्रीच्या शरीरात होतच असते. वास, खाज आणि रंग बदलला की मात्र ते आजाराचे लक्षण ठरते, आणि या एका लक्षणामागे निरनिराळे आजार असू शकतात. योनीमार्गात नेहमी असणाऱ्या जंतूंचे प्रमाण बिघडले की माशासारखा वास येतो, आणि हे शरीरसंबंध नसलेल्या मुलींनाही होऊ शकते. बुरशीचा संसर्ग असेल तर दह्यासारखे घट्ट पांढरे जाते आणि खाज असह्य होते. याचाही संबंध चारित्र्याशी नाही, कारण प्रतिजैविकांच्या गोळ्या घेतल्यानंतरसुद्धा तो होतो. ट्रायकोमोनास नावाचा संसर्ग जोडीदाराकडून येतो आणि त्यात पिवळसर-हिरवट, फेसाळ पाणी जाते. हे तिन्ही त्रासदायक असले तरी योग्य औषधाने लवकर बरे होतात. मला काळजी वाटते ती क्लॅमिडिया आणि गोनोरिया या दोन संसर्गांची. ते गर्भाशयाच्या तोंडाशी असतात, अनेकदा काहीही लक्षण दाखवत नाहीत, आणि उपचार झाले नाहीत तर गर्भाशयातून वर बीजवाहक नलिकांपर्यंत पोहोचतात. ओटीपोटातले दुखणे ही त्याची खूण असू शकते. नलिकांना इजा झाली तर पुढे मूल राहण्यात अडचण येते किंवा गर्भ नलिकेतच राहण्याचा धोका वाढतो. तुम्हाला यांपैकी नेमके काय झाले आहे हे पत्रावरून सांगता येणार नाही, आणि मेडिकलच्या काउंटरवरही ते कुणाला सांगता येत नाही.

म्हणूनच त्या गोळ्यांनी तुम्हाला तात्पुरते बरे वाटले आणि त्रास पुन्हा सुरू झाला. एक तर औषध चुकीच्या आजाराचे होते, किंवा मात्रा अपुरी होती, किंवा औषध बरोबर होते पण तुमच्या जोडीदाराने ते घेतले नाही आणि संसर्ग त्याच्याकडून तुमच्याकडे परत आला. तिसरे कारण इतके नेहमीचे आहे, आणि त्याबद्दल इतके कमी बोलले जाते, की मी ते खाली पुन्हा काढणार आहे. तोवर आतून धुण्यासाठी साबण, डेटॉल किंवा जाहिरातीतले कोणतेही द्रव वापरू नका. त्याने जंतूंचे प्रमाण आणखी बिघडते.

आता कुठे जायचे ते पाहू. जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लैंगिक आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाचा कक्ष असतो. तिथे लक्षणे आणि तपासणी यांवरून उपचार ठरतो आणि रंगानुसार बांधलेली औषधांची पाकिटे मोफत मिळतात : योनीमार्गाच्या संसर्गासाठी हिरवे, गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गासाठी करडे, ओटीपोटातल्या संसर्गासाठी पिवळे. पुण्यात तुमच्यासमोर ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय हे दोन सरळ पर्याय आहेत. औंधचे रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे असल्यामुळे, त्या विभागाच्या रुग्णालयांतली तपासणी आणि उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. कक्ष कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या वेळी उघडा असतो, हे विचारण्यासाठी 1097 या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या मोफत क्रमांकावर आधी फोन करता येतो. मराठीत बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.

तिथे डॉक्टर काही खासगी प्रश्न विचारतील. संबंध आहेत का, निरोध वापरता का, जोडीदाराला लघवीच्या वेळी जळजळ किंवा जखम आहे का, शेवटची पाळी कधी आली, असे हे प्रश्न असतील. ते उपचारासाठी लागतात आणि त्यांची खरी उत्तरे द्यावीत. "लग्न झालंय का?" या प्रश्नाच्या उत्तराने मात्र औषध बदलत नाही. कुणी तो विचारलाच, तर "लग्न झालेले नाही, संबंध आहेत" एवढे एक वाक्य पुरेसे आहे, आणि ते घरून पाठ करून गेलात तर तिथे जीभ अडखळणार नाही. आतून तपासणी करायची असल्यास तुमची संमती घेतली पाहिजे. तपासताना नर्स किंवा तुमची मैत्रीण जवळ असावी अशी मागणी तुम्ही करू शकता. याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिस यांसाठी रक्ताची तपासणीही करून घ्या. तुमच्यावर कसला संशय आहे म्हणून मी हे सांगत नाही. एक संसर्ग सापडला तर दुसरे तपासायचे, ही नेहमीची पद्धत आहे.

त्या खासगी डॉक्टरांच्या बोलण्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तुम्ही ते एका ओळीत सांगितलेत आणि पुढे गेलात, पण तपासणी न करता तुम्ही उठून आलात ती त्याच ओळीमुळे. "तुमच्याकडे हे चालतंच" हे वाक्य त्यांनी स्वतः तयार केलेले नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराबद्दल दरवर्षी शहरी वर्तमानपत्रांत आणि आता मोबाइलवरच्या चित्रफितींत काय दाखवले जाते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असेल : खरेदीला, नातेवाइकांना भेटायला, ढोल वाजवायला जमलेल्या लोकांच्या बाजाराला 'मुली पळवण्याचा बाजार' करून टाकले जाते. गडचिरोली-बस्तरच्या गोटुलबद्दलही, म्हणजे गोंड-माडिया तरुण-तरुणी एकत्र जमतात त्या घराबद्दलही, बाहेरच्यांनी हेच केले. सातपुड्यातल्या त्याच होळीत सजून नाचण्यासाठी बावा आणि बुध्या होणारे पुरुष कितीतरी दिवस कडक नियम पाळतात आणि त्यात स्त्रीसंगही वर्ज्य असतो, हे मात्र त्या चित्रफितींत नसते. मुला-मुलींनी एकमेकांना पसंत करणे ही तुमच्या समाजात चोरीची गोष्ट मानली जात नाही, हे खरे आहे. त्यावरून कुणाच्या आजाराबद्दल, वागण्याबद्दल किंवा संमतीबद्दल काही अनुमान काढता येत नाही. त्या डॉक्टरांनी शरीर तपासायच्या आधीच जात तपासली. त्याची लाज त्यांना वाटायला हवी होती. ती घेऊन तुम्ही वसतिगृहात परत आलात, हे मला खटकले.

हे दुखणे 'तुमच्याकडचे' किंवा शहरात येऊन बिघडलेल्या मुलींचे नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि त्याचा अहवाल 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के होत्या. लग्न झालेल्या, न झालेल्या, वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया त्यांत होत्या. बायका सोसत होत्या आणि दवाखान्यात त्यांना कुणी विचारत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या आजीच्या पिढीने जे अंगावर काढले तेच तुम्ही पुण्यात, दवाखाना बसच्या अंतरावर असताना, अंगावर काढता आहात. आजीला पर्याय नव्हता, तुम्हाला आहे.

तुमचे नाव वसतिगृहात पोहोचेल का, याचे उत्तर असे. रुग्णालय आणि वसतिगृह यांच्यात अशी कोणतीही व्यवस्था नाही की ज्यातून तुमचा केसपेपर वॉर्डनच्या टेबलावर जाईल. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनेच बंधनकारक आहे. एचआयव्हीच्या बाबतीत 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि तिचा निकाल कुणाला सांगता येत नाही. कायदा असला तरी रांगेत कुणीतरी ओळखीचे भेटू शकते, हे मला मान्य आहे. त्यामुळे नाव आणि वय खरे सांगा, कारण पुढचे अहवाल त्यावर अवलंबून असतात. पत्ता मात्र वसतिगृहाचा न देता गावाचा द्या, फोन क्रमांक स्वतःचा द्या, आणि केसपेपरचा फोटो काढून तो कुणालाही, विश्वासातल्या मैत्रिणीलासुद्धा, पाठवू नका. गोष्टी रुग्णालयापेक्षा खोलीतून जास्त फुटतात.

यूपीटीचा प्रश्न मात्र तुमच्या एकटीच्या दक्षतेने सुटणारा नाही. वसतिगृहात प्रवेश देताना किंवा सुट्टीनंतर संसर्गजन्य आजार नाही असे वैद्यकीय प्रमाणपत्र मागणे समजण्यासारखे आहे. पण सज्ञान मुलीकडून तिच्या इच्छेविरुद्ध गर्भधारणेची चाचणी मागणे ही निराळी गोष्ट आहे. मूल होऊ द्यावे की नाही हा निर्णय स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली म्हटले आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने ठरवले आहे. ही चाचणी मुलींच्या काळजीपोटी केली जाते असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. काळजी असती तर वसतिगृहात महिन्यातून एकदा स्त्री-डॉक्टर आल्या असत्या आणि तुम्हाला मेडिकलमधून चोरून गोळ्या आणाव्या लागल्या नसत्या. ज्या चाचणीच्या धाकाने आजारी मुलगी दवाखान्यात जात नाही, ती चाचणी मुलींचे आरोग्य बिघडवते.

पण यासाठी एकटीने वॉर्डनशी वाद घालू नका. शेवटच्या वर्षाच्या मुलीला अडवणे फार सोपे असते. आधी एवढेच विचारा, आणि जमल्यास चार-पाच जणींनी मिळून विचारा, की हा नियम कोणत्या शासन निर्णयात आहे, तो लेखी दाखवा. दाखवला नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुणे शहरातली आदिवासी वसतिगृहे घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. तिथे सर्वांच्या सह्यांचे निवेदन द्यावे आणि त्याची प्रत नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तांना व राज्य महिला आयोगाला पाठवावी. निवेदनात एकाही मुलीची व्यक्तिगत हकिगत लिहू नका. पद्धतीविरुद्ध तक्रार करा. वसतिगृहातली खाणावळ बंद करून खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध 2018 च्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, हे तुमच्या वसतिगृहातल्या जुन्या मुलींनी तुम्हाला सांगितले असेलच. जेवणासाठी रस्त्यावर उतरता येते, तर या कागदासाठी निवेदनावर सही करता येईल.

गर्भनिरोधकांकडे येते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, आणि वाहक स्त्रीला साधारणपणे सर्व साधने चालतात. सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र 'माला-एन'सारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देताना डॉक्टर सावध असतात, कारण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. त्यामुळे कार्ड बरोबर न्या आणि दाखवा. सरकारी केंद्रांत 'छाया' ही हार्मोन नसलेली गोळी मोफत मिळते; ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. 'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. दोन्ही चांगली साधने आहेत, पण तुमच्या परिस्थितीत एक अडचण आहे जी कदाचित कुणी सांगणार नाही : छायाने पाळी लांबू शकते आणि अंतराने ती अनियमित होते किंवा काही महिने येतच नाही. जिथे पाळी चुकणे म्हणजे गुन्हा समजला जातो तिथे राहताना हे आधी माहीत असलेले बरे, म्हणजे धास्ती वाटणार नाही. यांपैकी कोणतेही साधन घेतले तरी निरोध सोडू नका, कारण संसर्ग फक्त त्यानेच टळतो. निरोध फाटला किंवा राहून गेला, तर 72 तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते आणि जितकी लवकर घ्यावी तितकी ती प्रभावी ठरते. नेहमीचे साधन म्हणून मात्र ती वापरू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लसही तुम्ही 26 वर्षांपर्यंत घेऊ शकता. पुण्यातच तयार होणारी 'सर्व्हावॅक' तुमच्या वयात तीन मात्रांत दिली जाते. ती खासगीत विकत घ्यावी लागेल, म्हणून आजच्या खर्चात तिला पहिली जागा देऊ नका.

ज्या मुलाशी लग्न करायचे आहे त्याने आता दोन गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली, तुमच्या तपासणीनंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे त्यानेही उपचार घ्यायचे, त्याला काहीही त्रास होत नसला तरी. आणि दोघांचे औषध पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचे. पुरुषांमध्ये क्लॅमिडियाची लक्षणे अनेकदा दिसत नाहीत, त्यामुळे "मला काही नाही" या वाक्याला अर्थ नाही. संसर्ग कुणाकडून आला यावर तुमचे भांडण होण्याची शक्यता आहे. तो कधी लागला हे तपासणीवरून बहुधा सांगता येत नाही, म्हणून ते भांडण उपचार होईपर्यंत बाजूला ठेवा. दुसरी गोष्ट, त्याने सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यायची. नंदुरबार हा सिकलसेलचा पट्टा आहे. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यासाठी लग्न मोडावे असे नाही, पण गर्भारपणाच्या सुरुवातीलाच तपासणी करता येते हे दोघांनाही माहीत असावे. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट सोडून तो एक दिवस रजा टाकून तपासणीला येतो की नाही, यावरून तुम्हाला त्याच्याबद्दल बरेच काही कळेल.

तुमच्या खोलीतल्या मुलीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. पाळी चुकून आठवडा झाला असेल तर घरी करायच्या पट्टीने सकाळच्या लघवीची चाचणी करता येते. आधी तिला एकांतात एवढेच विचारा, की जे घडले ते तिच्या मर्जीने घडले की कुणी जबरदस्ती केली. जबरदस्ती असेल तर 1098 या बालकांसाठीच्या क्रमांकावर लगेच फोन केला पाहिजे. मर्जीने असले तरी, 18 वर्षांखालील मुलीच्या संमतीला 2012 चा पॉक्सो कायदा संमती मानत नाही. अशी घटना माहीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर, अर्थात डॉक्टरांवरही, ती कळवण्याची जबाबदारी त्या कायद्याने टाकली आहे, आणि हे तिच्यापासून लपवून तिला दवाखान्यात नेणे बरोबर होणार नाही. पण याच्या भीतीने मुली भोंदूंकडे जाऊ नयेत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात असे स्पष्ट केले आहे, की मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. तिच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. गर्भपाताच्या कायद्यात पालक म्हणजे त्या अल्पवयीन मुलीची देखभाल करणारी व्यक्ती. त्यामुळे आई-वडिलांपर्यंत जाणे अशक्यच असेल, तर तिला सांभाळणारी मावशी, आत्या किंवा मोठी बहीण हा पर्याय डॉक्टरांशी बोलून पाहता येईल. मेडिकलमधून किंवा कुणाच्या ओळखीने आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या तिला कोणत्याही परिस्थितीत घेऊ देऊ नका. त्या ठरावीक आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात. गर्भ नलिकेत असेल तर जीव जाऊ शकतो. आणि हे तुम्हाला 20 व्या वर्षी एकटीने पेलायचे नाही. तिच्या विश्वासातले एक मोठे माणूस शोधून देणे एवढे तुमचे काम आहे.

आता तुमची भीती. तुम्ही लिहिले आहे की आदिवासी पोरी काटक असतात असे सगळे म्हणतात. हे म्हणणारे कोण आहेत, याचा एकदा विचार करा. पाड्यावरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या, आश्रमशाळेत लहानपणीच घरापासून दूर राहिलेल्या मुलींबद्दल ते कौतुकाने म्हटले जाते खरे, पण त्याचा उपयोग पुष्कळदा त्यांना कमी देण्यासाठी होतो : काटक आहे, मग खोलीत जास्त खाटा लागल्या तरी चालेल, काटक आहे, मग दुखत असले तरी सांगणार नाही. तुम्हीसुद्धा स्वतःला तेच सांगून दोन-तीन महिने काढलेत. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातल्या सुमारे 1 कोटी 5 लाख आदिवासींपैकी 15 लाख शहरांत राहत होते. आज ते कितीतरी जास्त असतील, आणि त्यांतल्या तरुण मुलींना गावात न येणाऱ्या अनुभवांना तोंड द्यावे लागते : भाषेवरून हसणारा वर्ग, आडनाव ऐकून बदलणारा आवाज, खोली भाड्याने न देणारा मालक. अशा ठिकाणी दवाखान्याची पायरी चढताना पाय थरथरला तर तो दुबळेपणा नव्हे. आधीचा अनुभव वाईट होता, म्हणून शरीर सावध झाले आहे.

मला तुमच्या पत्रात काटकपणा दिसला तो दुसरीकडे. स्वतः आजारी असताना तुम्ही मैत्रिणीबद्दल विचारलेत. अपमान झाला तेव्हा निमूटपणे तपासून न घेता उठून आलात. उपचार राहिले हे वाईट झाले, पण उठणे चूक नव्हते. आता तेच बळ दवाखान्यात परत जाण्यासाठी वापरा, आणि एकटीने जाऊ नका. पावरी बोलणारी एक मैत्रीण बरोबर घ्या. ती बाहेर बाकावर बसली तरी फरक पडतो, आणि डॉक्टरांनी काही वावगे म्हटले तर ऐकणारे दुसरे माणूस असते. वसतिगृहात दोघी-तिघींनी मिळून ठरवले, की कुणालाही दवाखान्यात जायचे असेल तर एक जण सोबत जाईल, नीट बोलणाऱ्या डॉक्टरांचे नाव पुढच्या वर्षाच्या मुलींना सांगितले जाईल आणि रिक्षाच्या पैशासाठी थोडी वर्गणी बाजूला राहील, तर ज्या मुली आज काहीच बोलत नाहीत त्याही येतील. शरीराबद्दलचे पावरीतले शब्द तुमच्याकडे आहेतच. ज्या गोष्टी मराठीत किंवा इंग्रजीत उच्चारायला संकोच वाटतो त्या तुम्ही आपसात त्या शब्दांत बोलू शकता. वर उल्लेख केलेल्या बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेच्या 'तारुण्यभान' या शिबिरांत तरुण मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोलले जाते. तुमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापिका ऐकणाऱ्या असतील, तर तशा प्रकारचा कार्यक्रम घेण्याबद्दल त्यांना विचारून पाहा.

राहिला प्रश्न आई आणि काकीचा. आईला आत्ता सांगू नये असे माझे मत आहे. आजारपण आणि प्रेमसंबंध या दोन बातम्या एकदम कळल्या, की घरात आजारपण मागे पडते आणि तुम्हाला परत बोलावण्याचीच चर्चा सुरू होते. उपचार पूर्ण होऊ द्या, पदवीची परीक्षा होऊ द्या, मग लग्नाचे बोला. त्या मुलाच्या घरूनच विचारणा आली तर तुमच्या पंचांपुढेही ते सोपे जाईल. काकीचे मात्र वेगळे आहे. आशा म्हणून ती अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारी रोज ऐकते, निरोध आणि छाया तिच्याच पिशवीत असतात, आणि कोणत्या बाईचे काय कुणाला सांगायचे नाही हे सांभाळल्याशिवाय तिला पाड्यावर काम करता आले नसते. तरी ती घरातलीच आहे, म्हणून आधी फोनवर तिला फक्त आजाराचे सांगा, मुलाचे नाही. ती काय विचारते आणि काय विचारत नाही ते पाहा. तिने आधी "ताप आहे का, पोट कुठे दुखते?" असे विचारले, तर पुढचेही तिला सांगता येईल. तिने आधी "कोण आहे तो?" असे विचारले, तर "डॉक्टरांना दाखवून मग फोन करते" एवढे म्हणून फोन ठेवा आणि ठरल्याप्रमाणे मैत्रिणीला घेऊन औंधला जा.